खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय : जैविक गाळणीचे माध्यम निवडताना

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधिस्थळामुळे. समुद्राशी या गावाचा काही संबंध नाही. जवळात जवळचा किनारा सरळ रेषेत शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. तथापि खाऱ्या पाण्यातील रंगीत मासे पाळण्याची हौस आता किनाऱ्यावरील शहरांपुरती उरलेली नाही. पुणे-अहिल्यानगर रस्त्यालगतच्या या पट्ट्यातही एखाद्या दिवाणखान्यात विदूषक मासा, म्हणजे चित्रपटामुळे मुलांच्या ओळखीचा झालेला 'निमो', सुखाने राहू शकतो. अट एवढीच, की समुद्र जे काम फुकट करतो ते टाकीखालच्या एका कप्प्यात दिवसरात्र चालू राहिले पाहिजे.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले, २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन पुन्हा खुले झाले आणि २०२०च्या टाळेबंदीत त्याची दारे मिटली. त्याच्या समोरच अरबी समुद्र होता. वढूसारख्या ठिकाणी मात्र समुद्राचे पाणी तयार करावे लागते. एक लिटर शुद्ध पाण्यात साधारण ३५ ते ३८ ग्रॅम कृत्रिम सागरी मीठ विरघळवावे लागते. चारशे लिटरच्या टाकीतील पाचवा हिस्सा पाणी बदलायचे म्हटले, तरी दर खेपेस तीन किलो मीठ लागते. शिवाय परिसरातील विंधनविहिरींचे पाणी बहुधा कठीण असते, आणि उसाच्या शेतीला दिलेल्या खतातील नायट्रेट भूजलात उतरण्याची शक्यता असते. ते पाणी आधी 'आरओ' यंत्रातून काढावे लागते आणि त्यात बरेचसे पाणी वाया जाते. पाणी बदलणे असे महाग पडू लागले, की गाळणीची निवड हा केवळ हौसेचा विषय राहत नाही. ती चुकली तर पहिल्या महिन्यातच मासे दगावतात.

संप म्हणजे काय?

संप या शब्दाने मराठी वाचकाला आधी हरताळ आठवेल, नंतर इमारतीखालची पाण्याची टाकी. मत्स्यालयातील संप दुसऱ्या अर्थाच्या जवळचा आहे. मुख्य टाकीच्या खाली, कपाटात ठेवलेली ही दुसरी टाकी. वरचे पाणी ओसंडून नळीवाटे तिच्यात उतरते, तीन-चार कप्प्यांतून जाते आणि पंपाने पुन्हा वर चढते. पहिल्या कप्प्यात कापडी पिशवी किंवा कापूस तरंगता कचरा अडवतो. दुसऱ्यात फेस काढणारे यंत्र, ज्याला दुकानदार स्किमर म्हणतात, ते बसते. तिसरा कप्पा जैविक माध्यमाचा. बाजारात त्याला 'मीडिया' म्हणतात आणि सर्वाधिक गोंधळ याच कप्प्याविषयी असतो.

या माध्यमाचे काम कचरा अडवण्याचे नाही. ते सूक्ष्मजीवांचे घर आहे. मासे मुख्यत्वे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. एका गटातील सूक्ष्मजीव त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात, दुसऱ्या गटातील जीव नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया अत्यंत विषारी. नायट्राइट गोड्या पाण्यात घातक असले, तरी खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे त्याचा जाच बराच कमी होतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य, परंतु ते साठत जाते.

या जिवांविषयीची समजूत गेल्या काही दशकांत बरीच बदलली आहे. जुन्या पुस्तकांत सर्व श्रेय नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर या जिवाणूंना दिलेले असते. मत्स्यालयांत दुसऱ्या टप्प्याचे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात, हे १९९० च्या दशकात दिसून आले. पुढे २००५ मध्ये अमेरिकेतील सिअॅटल येथील सार्वजनिक मत्स्यालयाच्या खाऱ्या टाकीतून एक सूक्ष्मजीव वेगळा करण्यात आला. तो जिवाणूच नव्हे, तर आर्किया या निराळ्या कुळातला निघाला. नायट्रोसोपुमिलस मॅरिटिमस असे त्याचे नामकरण झाले. अमोनियाचे प्रमाण अगदी नगण्य असतानाही तो त्यावर जगू शकतो. महासागरातील नत्रचक्राचा एक मोठा दुवा असा मत्स्यालयाच्या टाकीतून हाती लागला, ही गोष्ट हौशी मंडळींना अभिमान वाटावी अशीच आहे.

खाऱ्या पाण्याची दोन दुखणी

गोड्या पाण्यात मासे पाळण्याचा दहा वर्षांचा अनुभव असलेला माणूसही खाऱ्या टाकीत फसतो, याची दोन कारणे आहेत. पहिले कारण सामू, म्हणजेच पीएच. अमोनियाचा घातक अंश सामूनुसार बदलतो. सामू ७ असलेल्या कोमट गोड्या पाण्यात एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी स्वरूपात असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो आणि तेथे हाच अंश दहापटीहून अधिक होतो. चाचणीतला एकच आकडा एका टाकीत किरकोळ, तर दुसऱ्या टाकीत प्राणघातक ठरतो.

दुसरे कारण प्राणवायू. २६ अंश सेल्सिअस तापमानाला गोडे पाणी लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू धरते, तर समुद्राचे पाणी साडेसहाच्या थोडेसे पुढे. अमोनियातील एक मिलिग्रॅम नत्राचे नायट्रेट होताना साडेचार मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू खर्च होतो. सूक्ष्मजीव आणि मासे एकाच तुटपुंज्या साठ्यावर जगत असतात. म्हणून माध्यम निवडताना पहिला प्रश्न विचारावा तो असा : प्राणवायूयुक्त पाणी याच्या प्रत्येक कणापर्यंत पोहोचेल काय?

खोक्यावरचा आकडा

दुकानात याच्या नेमका उलट क्रम असतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत पृष्ठफळ छापलेले असते, एका लिटरमध्ये शेकडो किंवा हजारो चौरस मीटर. हे आकडे खोटे असतात असे नाही, मात्र ते बहुधा वायूचे रेणू शोषून घेण्याच्या पद्धतीने मोजलेले असतात. वायूचा रेणू जिथे शिरतो तिथे जिवाणू शिरेलच असे नाही. जिवाणूची लांबी साधारण एक मायक्रॉन. त्याहून अरुंद छिद्रांत तो मावत नाही. जी छिद्रे त्याला पुरेशी आहेत त्यांच्या तोंडावर काही आठवड्यांत चिकट जैविक थर धरतो आणि आतले दालन कोंडले जाते.

प्रत्यक्ष गरज किती, याचा हिशेब घरीही करता येतो. मत्स्यसंवर्धनात एक ठोकताळा वापरतात : खाद्याचे वजन गुणिले त्यातील प्रथिनांचा अंश गुणिले ०.०९२, म्हणजे निर्माण होणारा अमोनिया-नत्र. दिवसाला दहा ग्रॅम कोरडे खाद्य घातले (घरगुती टाकीला हे उदंडच झाले) आणि त्यात ४५ टक्के प्रथिने असली, तर सुमारे ०.४ ग्रॅम नत्र तयार होते. एक चौरस मीटर उघडा पृष्ठभाग दिवसाला ०.१ ग्रॅम नत्र हाताळतो असे धरले, तर चार चौरस मीटर पुरतात. घरगुती टाकीत अमोनिया फार विरळ असतो, त्यामुळे वेग याहूनही मंदावतो. म्हणून दुप्पट, आठ चौरस मीटर धरू. के-१ नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या चाकांचे सुरक्षित पृष्ठफळ घनमीटरला ५०० चौरस मीटर, अर्थात लिटरला अर्धा चौरस मीटर असते. सोळा लिटर चाके झाली, की काम भागले. टाकीतील खडक आणि वाळूवरचे जीव वेगळेच. हजारो चौरस मीटरची जाहिरात वाचून खिसा रिकामा करण्यापूर्वी हा हिशेब एकदा मांडावा.

आणखी एक गोष्ट दुकानात सांगितली जात नाही. सूक्ष्मजीवांची संख्या ठरते ती त्यांना मिळणाऱ्या अमोनियावरून. दोन माशांच्या टाकीत पन्नास लिटर माध्यम भरले, तरी जीव दोन माशांपुरतेच वाढतात. उरलेले माध्यम केवळ गाळ साठवते.

कोणते माध्यम, कशासाठी

बायोबॉल, म्हणजे काटेरी प्लास्टिकचे गोळे, १९८० च्या दशकात ठिबकणाऱ्या गाळणीबरोबर लोकप्रिय झाले. त्यांच्यावरून पाणी थेंबाथेंबाने उतरते, हवा खेळती राहते आणि प्राणवायूची ददात पडत नाही. पुढे त्यांची 'नायट्रेटचा कारखाना' म्हणून बदनामी झाली. ती अर्धीच रास्त आहे. ठराविक अमोनियापासून ठराविकच नायट्रेट तयार होते, मग जीव प्लास्टिकवर असोत की दगडावर. फरक असा, की खडकाच्या खोल भागात प्राणवायूविरहित कोपरे असतात, तेथे नायट्रेटचा काही अंश वायुरूप नत्र होऊन निघून जातो. प्लास्टिकवर ती सोय नाही. शिवाय पहिल्या कप्प्यातील कापूस वेळेवर बदलला नाही, तर गोळ्यांच्या काट्यांत घाण अडकून कुजत राहते. दोष बहुतेक वेळा कापूस न बदलणाऱ्याचा असतो.

के-१ जातीची तरंगती चाके नॉर्वेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस सांडपाणी शुद्धीकरणासाठी विकसित झाली. हवेच्या बुडबुड्यांनी ती सतत घुसळत राहतात, एकमेकांवर घासून जुना थर आपोआप झडतो आणि चाकांच्या पोटातील थर शाबूत राहतो. धुण्याचा त्रास जवळजवळ नाही. आवाज आणि तुषार मात्र आहेत. मिठाचे तुषार कपाटाच्या बिजागऱ्या आणि विजेची जोडणी खातात, म्हणून या कप्प्यावर झाकण हवे. भरपूर खाणाऱ्या मोठ्या माशांच्या टाकीसाठी प्रस्तुत लेखकाला हाच पर्याय सर्वांत बिनचूक वाटतो.

सिरॅमिकच्या नळ्या, सच्छिद्र काचेच्या नळ्या आणि वीटेएवढे सिरॅमिकचे ठोकळे हे तिसरे कुटुंब. संथ प्रवाहात ठेवलेल्या जाड ठोकळ्याच्या पोटात नायट्रेट कमी करणारे जीव राहू शकतात. मात्र त्यांना सेंद्रिय कर्बाचा पुरवठा लागतो, त्यामुळे परिणाम टाकीगणिक बदलतो. नळ्या चांगल्या असतात, पण गाळ पोटात धरतात. त्या संपातील दुसऱ्या किंवा तिसऱ्या कप्प्यात, स्वच्छ झालेल्या पाण्यातच ठेवाव्यात.

साधा स्पंज आणि भांडी घासण्याची नायलॉनची घासणी यांना प्रतिष्ठा नाही, पण दोन्ही कामे चोख करतात. घासणी धातूची किंवा साबण भरलेली नसावी, एवढे पाहावे. स्पंज दर एक-दोन आठवड्यांनी पिळावा लागतो. नवशिक्याने याच्यापासून सुरुवात केली तर पैसे वाचतात.

वाघोलीचा दगड चालेल काय?

नगर रस्त्यावरील वाचकाला हा प्रश्न हमखास पडेल. दख्खनचा बेसाल्ट फुकट मिळतो, त्यात छिद्रे दिसतात आणि दुकानातला 'लाव्हा रॉक' काही वेगळा नसतो. वस्तुतः तो वेगळा असतो. दख्खनच्या जुन्या लाव्हाथरांतील पोकळ्या बहुधा एकमेकींना जोडलेल्या नसतात आणि कोट्यवधी वर्षांत त्यांत झिओलाइट, कॅल्साइट आदी खनिजे भरली आहेत. वाघोलीच्या खाणी तर कॅव्हनसाइट या निळ्याशार खनिजासाठी जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. त्या खनिजात व्हॅनेडियम हा धातू असतो. संग्रहासाठी ते मोलाचे, माशांच्या पाण्यात मात्र अनोळखी खनिजांचा खाणीतला दगड घालू नये हेच बरे.

झिओलाइट अमोनिया शोषते, मग ते उपयोगीच नव्हे काय, असेही कोणी विचारील. गोड्या पाण्यात ते शोषते. खाऱ्या पाण्यात सोडियम इतका प्रचंड असतो, की झिओलाइटमधील जागा तोच बळकावतो आणि अमोनिया पाण्यातच राहतो. गोड्या पाण्यातले झिओलाइट मिठाच्या द्रावणात बुडवून पुन्हा ताजे करतात, ते याच गुणधर्मावर.

प्रवाळाचे तुकडे : कायद्याचा प्रश्न

'कोरल बोन' या नावाने पांढरे, बोटाएवढे तुकडे मत्स्यालयाच्या दुकानांत वर्षानुवर्षे गाळण माध्यम म्हणून विकले गेले आहेत. ही प्रवाळांच्या सांगाड्याची मोड आहे. ती चुनखडीची असल्याने सामू सावरते आणि छिद्रांमुळे जिवाणूंनाही रुचते. तांत्रिकदृष्ट्या माध्यम उत्तम आहे. परंतु खडक बांधणारे सर्व प्रवाळ २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले आणि ते संरक्षण सांगाड्यालाही लागू होते. वाघाचे कातडे जिवंत नाही म्हणून जसे विकता येत नाही, तसेच हे. मालवणच्या सहलीत किनाऱ्यावर सापडलेला तुकडा खिशात घालून आणणेही अंगाशी येऊ शकते. या संरक्षणाचे गांभीर्य मुंबईकरांनी पाहिले आहे. किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळ वसाहती आड आल्या, तेव्हा २०२० मध्ये परवानगी घेऊन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने त्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या.

'लाइव्ह रॉक', म्हणजे समुद्रातून काढलेला सजीवांनी भरलेला खडक, हे परदेशी पुस्तकांतील सर्वांत आवडते माध्यम. इंडोनेशियातील ली चिन इंग यांनी सुमारे सहा दशकांपूर्वी अशा खडकांवर टाक्या चालवून दाखवल्या आणि पुढे त्या पद्धतीला जगभर अनुयायी मिळाले. आपल्या किनाऱ्यावरचा असा खडक बहुधा प्रवाळाचाच असतो, म्हणून तो आपल्याला वर्ज्य. पर्याय आहेत. भाजलेल्या सिरॅमिकचे कृत्रिम खडक मिळतात. सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचे खडक घरीही ओतता येतात, मात्र सिमेंटमधील चुना सामू भराभर चढवतो, म्हणून ते कित्येक आठवडे पाणी बदलत मुरवावे लागतात. सामू सावरण्यापुरते हवे असेल, तर मासळी बाजारातील तिसऱ्यांची किंवा कालवांची कवचे उकळून, घासून, वाळवून वापरावीत. अमोनियाच्या रूपांतरात पाण्याची क्षारता खर्च होतच असते, एका मिलिग्रॅम नत्रामागे सुमारे सात मिलिग्रॅम. त्यामुळे क्षारतेची चाचणी दर आठवड्याला करावी लागते.

चुनखडीयुक्त किंवा सच्छिद्र माध्यम असलेल्या टाकीत तांब्याचे औषध कधीही घालू नये. माध्यम ते शोषून घेते, औषधाची मात्रा बिघडते आणि पुढे केव्हातरी तेच तांबे पाण्यात परतून कोळंबी वा खेकड्यांचा जीव घेते. आजारी माशाची टाकी वेगळी असावी.

माध्यम मुरवणे

कोरे माध्यम आणि मासे एकाच दिवशी टाकीत गेले, तर मासे वाचत नाहीत. सूक्ष्मजीव वसण्यास चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून अधिक. या काळात माशांऐवजी अमोनियम क्लोराइड घालून जिवांना खाद्य पुरवता येते. हाच कल्हईवाल्यांचा नवसागर, पण बाजारातला अशुद्ध असू शकतो, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. तीनशे लिटर पाण्याला सुमारे दोन ग्रॅम पुरतात, त्याने लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. तेवढा अमोनिया आणि त्यापासून झालेले नायट्राइट चोवीस तासांत शून्यावर येऊ लागले, की पहिला मासा आणावा. जुन्या, निरोगी टाकीतले मूठभर माध्यम मित्राकडून मिळाले, तर हा काळ बराच घटतो.

पहिला मासा पाळीव प्रजननातला असावा, असे सुचवावेसे वाटते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांच्या प्रजननाचे तंत्र देशात विकसित केले असून असे मासे टाकीतील खाद्याला जन्मापासून सरावलेले असतात.

वीज गेल्यावर

ग्रामीण भागात वीज काही तास जाणे नवीन नाही. पंप थांबला, की माध्यमातील जीव उरलेला प्राणवायू झपाट्याने संपवतात. बंद डब्याची गाळणी यात सर्वांत आधी दगा देते. काही तासांनी तिच्यातील पाणी कुजट होते आणि वीज येताच ते थेट माशांवर जाते. असे झाल्यास डबा उघडून ते पाणी फेकावे, मगच पंप सुरू करावा. उघड्या कप्प्यात ठिबकणाऱ्या पाण्याखालचे बायोबॉल याच्या उलट वागतात. ओले राहिले तर हवेतून प्राणवायू घेत ते बराच काळ तग धरतात. तरंगत्या चाकांच्या कप्प्यात बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवला तर काम भागते. एकच बॅटरी परवडत असेल, तर ती आधी मुख्य टाकीच्या हवेला जोडावी, कारण मासे जिवाणूंच्या आधी गुदमरतात.

पंप थांबताच वरच्या टाकीतील काही पाणी खाली उतरते, हेही ध्यानात ठेवावे. माध्यमाच्या हव्यासापोटी संप काठोकाठ भरलेला असेल, तर ते पाणी थेट फरशीवर येते. संप बसवताना पंप मुद्दाम बंद करून पाणी कोठवर चढते ते पाहावे, तेथे काचेवर खूण करावी आणि तिच्यावर चार बोटे जागा मोकळी ठेवावी.

माध्यम धुवायचे ते टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यातच. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आणि गोडेपणा दोन्ही या जिवांना मारतात. एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक माध्यम धुऊ नये आणि त्याच आठवड्यात नवा मासा आणू नये.